रात्रीची ‘ऑन कॉल’ कामगिरी : वेतन आणि विश्रांतीचे हक्क

पहाटे घरातील नळाला पाणी येते, मध्यरात्री रुग्णालयाच्या दारात आलेल्या रुग्णाला उचलून घ्यायला माणूस मिळतो, मृगाच्या पहिल्या वादळात गेलेली वीज उजाडण्यापूर्वी परत येते. या गोष्टी आपल्याला इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्यांच्यामागे कोणीतरी रात्रभर हजर असतो, याची जाणीवही राहत नाही. पंपघरातील चालक, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, वॉर्डातील आया, वसतिगृहाची राखणदारीण, हॉटेलातील वायरमन, ही सर्व मंडळी त्या रात्री सतत राबत असतात असे नाही. एखादी रात्र निवांतही जाते. पण बोलावणे आले की क्षणात उठून कामाला लागण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते. यालाच व्यवहारात ‘ऑन कॉल’ कामगिरी म्हणतात.

महिनाअखेरीस हिशेबाची वेळ आली की वाद उभा राहतो. “रात्रभर झोपलाच होता ना, मग पगार कसला?” असे मालक विचारतो. “झोपलो होतो खरा, पण घरी कुठे जाऊ दिले होते?” असे कामगार म्हणतो. या दोन वाक्यांत सगळा वाद सामावलेला आहे. अशा रात्रीचे वेतन कसे मोजावे, तिच्यानंतर विश्रांती किती मिळावी आणि हक्क नाकारला गेल्यास दाद कशी मागावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

काम नसणे आणि मोकळे असणे

सर्वप्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. हाताला काम नसणे ही एक गोष्ट आणि माणूस मोकळा असणे ही दुसरी. सायंकाळी घरी गेलेला गवंडी मोकळा असतो. त्याने जेवावे, जत्रेला जावे, मुलांना गोष्ट सांगावी अथवा निजावे. ती वेळ त्याची स्वतःची आहे. पंपघरातील खाटेवर पडलेल्या चालकाच्या हातात त्या क्षणी काम नसते, परंतु तो मोकळा नसतो. त्याला आवार सोडता येत नाही, घरी मूल आजारी असले तरी जाता येत नाही आणि घंटा वाजताच उठावे लागते.

या दृष्टीने रात्रीच्या ‘ऑन कॉल’ कामगिरीचे तीन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात कामगाराने आस्थापनेच्या आवारात जागे राहावयाचे असते. पहारेकरी किंवा अतिदक्षता विभागातील परिचारक यांची कामगिरी अशी आहे. ही सरळसरळ रात्रपाळी होय आणि तिच्या वेतनाविषयी शंका घेण्यास जागाच नाही. दुसऱ्या प्रकारात कामगाराने आवारातच राहावयाचे, मात्र काम नसेल तेव्हा त्याला झोपण्याची मुभा असते. तिसऱ्या प्रकारात कामगार आपल्या घरीच असतो, परंतु टेलिफोन आला की ठरलेल्या वेळेत त्याने हजर व्हावयाचे असते. वाद निर्माण होतात ते मुख्यत्वे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत.

कायद्याची चौकट

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर देशातील कामगार कायदे येथेही लागू झाले. कामाचे तास व जादा कामाचे वेतन यांच्या बाबतीत १९४८ सालचे दोन कायदे, म्हणजे कारखाने अधिनियम आणि किमान वेतन अधिनियम, अनेक दशके आधारभूत मानले गेले. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांची जागा अनुक्रमे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० (येथून पुढे ‘सुरक्षा संहिता’) आणि वेतन संहिता, २०१९ यांनी घेतली आहे. जुन्या कायद्यांखाली केलेले नियम व काढलेल्या अधिसूचना नव्या संहितांशी विसंगत नसतील तेवढ्यापुरत्या, त्या बदलल्या जाईपर्यंत, चालू राहतील अशीही तरतूद आहे.

सुरक्षा संहितेचे कलम २५ सांगते की कोणत्याही कामगाराला दिवसातून आठ तासांपेक्षा अधिक काम करावयास लावू नये. कलम २६ अन्वये आठवड्यातून सहा दिवसांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. सूट मिळालेल्या आस्थापनेत साप्ताहिक सुट्टी बुडाली तर तिच्या बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. कलम २७ प्रमाणे जादा कामाचे वेतन नेहमीच्या दराच्या दुप्पट असले पाहिजे, आणि असे जादा काम कामगाराच्या संमतीनेच घेता येते. ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. शासकीय कार्यालयांना ती लागू नाही, तेथील कर्मचारी आपापल्या सेवानियमांनी बांधलेले असतात. मात्र अशा कार्यालयांत कंत्राटदारामार्फत घेतलेल्या कामगारांना तिचे संरक्षण आहे.

वेतन संहितेला कामगारसंख्येची अट नाही. तिच्या कलम १४ मध्ये सामान्य कामाच्या दिवसापेक्षा जास्त झालेल्या प्रत्येक तासाचे, इतकेच नव्हे तर तासाच्या भागाचेही, किमान दुप्पट दराने वेतन द्यावे असे म्हटले आहे. ‘तासाच्या भागाचेही’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. रात्री वीस मिनिटांचे काम निघाले तर ते वीस मिनिटे म्हणून हिशेबात आलेच पाहिजे. कलम १३ प्रमाणे सात दिवसांत एक दिवस वेतनासह विश्रांतीचा ठरवून देण्याचा आणि त्या दिवशी काम घेतल्यास जादा कामाच्या दरापेक्षा कमी नसलेले वेतन देवविण्याचा अधिकार शासनाला आहे.

रोजंदारीवरील कामगारांच्या दृष्टीने कलम १० ही तितकेच महत्त्वाचे आहे. ज्याचे किमान वेतन दिवसावर ठरले आहे, अशा कामगाराला कामावर घेऊन पूर्ण दिवसाचे काम दिले गेले नाही, तरी त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळते. मात्र काम न होण्याचे कारण त्याची स्वतःची अनिच्छा हे नसावे. रात्री आठ तासांसाठी बोलावून दोनच तास काम निघाले, या सबबीवर दोन तासांचे पैसे हातावर टेकविणे या कलमात बसत नाही.

‘खंडित स्वरूपाचे काम’ म्हणजे काय?

मालकवर्गाकडून बहुधा असे सांगितले जाते की हे काम अखंड नसून अधूनमधून येणारे आहे, म्हणून त्याला आठ तासांची मर्यादा लागू नाही. या म्हणण्यात तथ्यांश आहे, पण तो अर्धाच. वेतन संहितेच्या कलम १३ मध्ये ‘मूलतः खंडित स्वरूपाचे काम’ असा एक वर्ग मान्य केला आहे आणि अशा कामगारांच्या बाबतीत तासांचे नियम काही प्रमाणात शिथिल होऊ शकतात. तथापि एखादे काम खंडित स्वरूपाचे आहे असे जाहीर करण्याचा अधिकार समुचित शासनाला आहे. मालकाने नेमणूकपत्रात तसे लिहिले किंवा तोंडी सांगितले म्हणून काम खंडित ठरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट त्या कलमातील व्याख्येत आहे. कामगार कामगिरीवर असूनही ज्या काळात त्याला शारीरिक श्रम किंवा सतत लक्ष देण्याची गरज पडत नाही, असा निष्क्रियतेचा काळ ज्या कामात नेहमी येतो, ते खंडित स्वरूपाचे काम होय, असा त्या व्याख्येचा आशय आहे. म्हणजे ज्या काळात हात रिकामे असतात, त्या काळातही कामगार ‘कामगिरीवर’ असू शकतो, ही गोष्ट कायद्यानेच गृहीत धरली आहे. ‘काम नव्हते, म्हणून कामगिरीही नव्हती’ या युक्तिवादाला त्यामुळे कायद्याचा आधार मिळत नाही.

रेल्वेचा अनुभव

प्रतीक्षेच्या वेळेचे मोजमाप करण्याचा आपल्या देशातील सर्वांत जुना व तपशीलवार प्रयत्न रेल्वेत झाला. आडबाजूच्या फाटकावरील गेटमनला दोन गाड्यांच्या मध्ये तास तास काम नसते, पण फाटक सोडून जाताही येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झालेले जी. एस. राजाध्यक्ष यांनी रेल्वे कामगारांच्या तंट्यात दिलेल्या १९४७ च्या निवाड्यात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला. कष्टाचे, अखंड, मूलतः खंडित आणि वगळलेले अशी चार प्रकारची वर्गवारी पुढे रेल्वेत रूढ झाली व रेल्वे अधिनियम, १९८९ मध्येही ती कायम आहे.

या अधिनियमानुसार बारा तासांच्या कामगिरीत किमान निम्मा काळ निष्क्रियतेचा असेल, आणि त्यात निदान एक तासाचा एक किंवा अर्ध्या तासाचे दोन सलग खंड असतील, तरच ते काम खंडित म्हणून जाहीर करता येते. अशा कामगाराच्या तासांची मर्यादा आठवड्यास ७५ आहे. अखंड कामाची मर्यादा सरासरी ५४ आणि कष्टाच्या कामाची ४५. जादा कामाचे वेतन मात्र सर्वांना किमान दुप्पट. खंडित काम करणाऱ्यालाही आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती द्यावी लागते आणि तिच्यात एक पूर्ण रात्र आलीच पाहिजे. दिवसभर झोप काढली म्हणजे रात्रीची भरपाई झाली, असे हा कायदा मानत नाही. शिथिलता द्यावयाची तर आधी वेळ मोजावी, मर्यादा लिहून ठेवावी आणि विश्रांती निश्चित करावी, हा रेल्वेच्या अनुभवाचा धडा अन्य आस्थापनांनीही घेण्याजोगा आहे.

परदेशी न्यायालयांचे निर्णय

हाच प्रश्न अन्य देशांतही वारंवार न्यायालयांपुढे आला आहे. तेथील निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत; पण त्यांत झालेला विचार उपयुक्त आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९४४ मध्ये कारखान्यांतील अग्निशामक कामगारांच्या दोन खटल्यांत असे ठरविले की वाट पाहण्यासाठीच माणूस नेमला असेल, तर वाट पाहणे हेही काम ठरू शकते. प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थिती पाहून निर्णय करावा.

युरोपीय न्यायालयाने ३ ऑक्टोबर २००० रोजी स्पेनमधील वॅलेन्सिया येथील डॉक्टरांच्या प्रकरणात सांगितले की आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष हजर राहून केलेली ‘ऑन कॉल’ कामगिरी संपूर्णपणे कामाच्या वेळेत मोजावी. घरून नुसते संपर्कात राहावयाचे असेल तर प्रत्यक्ष सेवेचाच काळ मोजावा. ९ सप्टेंबर २००३ रोजी जर्मनीतील कील येथील डॉक्टरच्या प्रकरणात, रुग्णालयाने झोपावयास खोली व पलंग दिला म्हणून ती वेळ विश्रांतीची होत नाही, असा निर्णय झाला. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी बेल्जियममधील अग्निशमन कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. तो कर्मचारी घरीच असे. परंतु बोलावणे येताच त्याने आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचावयाचे होते. इतक्या आखूड दावणीला बांधलेला माणूस घरी असूनही मोकळा नसतो, म्हणून ती वेळ कामाचीच ठरली.

उलट बाजूचाही निर्णय सांगितला पाहिजे. १९ मार्च २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मेंकॅप या संस्थेच्या प्रकरणात ठरविले की कामाच्या जागी झोपण्याची मुभा असलेल्या सेवकाचे किमान वेतन काढताना, तो कामासाठी जागा असेल तेवढाच काळ धरावा. वरवर हे निर्णय परस्परविरोधी वाटतात. तसे ते नाहीत. युरोपातील निर्णय विश्रांती आणि कामाचे तास यांच्याविषयी होते, ब्रिटनचा निर्णय वेतनाविषयी होता. रात्रीचे पैसे किती हा एक प्रश्न आणि त्या रात्रीनंतर माणसाला विश्रांती किती हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही असो, दुसरा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

हिशेब कसा मांडावा?

एक उदाहरण घेऊ. एका खाजगी रुग्णालयातील ड्रायव्हरला आठ तासांच्या कामाचे ६४० रुपये मिळतात असे समजा, म्हणजे तासाला ८० रुपये. दिवसाची आठ तासांची पाळी संपल्यावर त्याला रात्री आठपासून सकाळी सहापर्यंत आवारातील खोलीत थांबावयास सांगितले. रात्री ११-३० ते १ आणि पहाटे ३-१५ ते ४-२५ अशा दोन फेऱ्या झाल्या. प्रत्यक्ष काम झाले २ तास ४० मिनिटे.

मालकाने ८० रुपयांच्या दराने २१३ रुपये ३३ पैसे दिले, तर तो हिशेब मालकाच्या स्वतःच्या भूमिकेप्रमाणेही चुकीचा आहे. कारण आठ तासांनंतरचे हे काम दुप्पट दराचे असल्याने ४२६ रुपये ६७ पैसे होतात. आणि आवार सोडण्याची मनाई असल्याने संपूर्ण दहा तासांची कामगिरी मानली, तर १६० रुपयांच्या दराने १,६०० रुपये होतात. कामगाराचा दावा कोणत्या पायावर उभा आहे, त्यावर इतका फरक पडतो. म्हणून रात्री थांबण्याच्या अटी लेखी असणे उभयपक्षी हिताचे आहे. आवार सोडता येते काय, किती मिनिटांत हजर व्हावयाचे, झोपण्याची सोय काय, नकार देता येतो काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्या लेखात असावीत.

घरून ‘ऑन कॉल’ राहण्यासाठी संहितेत वेगळा दर सांगितलेला नाही. त्यामुळे त्याचा भत्ता करारानेच ठरवावा लागतो. प्रत्यक्ष बोलावण्यात गेलेला वेळ मात्र, तो आठ तासांच्या वर जात असल्यास, दुप्पट दरानेच मोजला पाहिजे.

केंद्र सरकारच्या ज्या कर्मचाऱ्यांना रात्रपाळी भत्ता मंजूर आहे, त्यांच्यासाठी जुलै २०२० च्या आदेशान्वये रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा धरला असून प्रत्येक तासामागे दहा मिनिटे अधिक मोजली जातात. आठ तासांच्या रात्रीला अशा प्रकारे ८० मिनिटांची जोड मिळते. रात्रीचा तास दिवसाच्या तासाहून माणसाला महाग पडतो, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे.

पैसे दिले म्हणून विश्रांती बुडत नाही

वरील उदाहरणातील ड्रायव्हरला पूर्ण १,६०० रुपये मिळाले, तरी प्रश्न संपत नाही. सकाळी सहाला सुटून तो नऊ वाजता पुन्हा गाडीवर बसणार असेल, तर धोका त्याच्यापुरता मर्यादित राहत नाही. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात व डोळे यांचे सहकार्य रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके ढासळते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, इतकीच आहे. मद्य घेतलेल्या चालकाच्या हाती आपण रुग्णवाहिका देणार नाही. मग रात्रभर जागलेल्याच्या हाती ती का द्यावी?

रात्रीच्या पाळीविषयी सुरक्षा संहितेच्या कलम २८ मधील तरतूद नीट समजून घ्यावी. पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल, तर कामगाराची सुट्टी ही पाळी संपल्यापासून सलग २४ तासांची असते आणि मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजले जातात. शनिवारी रात्री १० ला लागलेली पाळी रविवारी सकाळी ६ ला सुटली, तर त्याची रविवारची सुट्टी सोमवारी सकाळी ६ पर्यंत चालते. रविवारी रात्री त्याला पुन्हा बोलावणे म्हणजे सुट्टी मोडणे होय.

रात्री काम करणाऱ्या भगिनींच्या बाबतीत सायंकाळी ७ नंतर व सकाळी ६ पूर्वी त्यांच्या संमतीनेच काम घेता येते आणि सुरक्षिततेविषयीच्या विहित अटी पाळाव्या लागतात. परिचारिका व आया यांना रात्री अचानक बोलावताना येण्याजाण्याची व्यवस्था पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.

दाद कशी मागावी?

सर्वांत पहिले साधन म्हणजे नोंद. प्रत्येक बोलावण्याची तारीख, वेळ, काय काम केले व केव्हा सुटलो, हे कामगाराने साध्या वहीत त्याच रात्री लिहून ठेवावे. शक्य तर पाळीप्रमुखाची सही घ्यावी. हजेरीपटात व वेतनपत्रिकेत रात्रीचे तास दाखविले आहेत की नाहीत, हे दर महिन्यास पाहावे. नोंदवह्या ठेवणे आणि वेतनपत्रिका देणे हे वेतन संहितेच्या कलम ५० प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे.

वेतन कमी मिळाल्यास कलम ४५ खाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा करता येतो. तो कामगाराने स्वतः, नोंदणीकृत कामगार संघटनेने किंवा निरीक्षकाने करावा. दावा उद्भवल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. देणे असलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. वेतन दिले गेले हे शाबीत करण्याची जबाबदारी कलम ५९ अन्वये मालकावर टाकली आहे, ही बाब कागद हाती नसलेल्या कामगारालाही धीर देणारी आहे. कंत्राटदाराने वेतन चुकविले, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणून सुरक्षारक्षक व सफाई कामगार यांनी ‘कंत्राटदार बदलला’ या उत्तराने माघारी फिरू नये.

आपल्या आस्थापनेचे समुचित शासन कोणते, हे आधी पाहावे. रेल्वे, मोठे बंदर, खाणी यांच्यासाठी केंद्र सरकारची यंत्रणा आहे. खाजगी रुग्णालये, हॉटेले, कारखाने यांच्यासाठी राज्याच्या कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे.

मालक व व्यवस्थापक यांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. रात्री माणूस ठेवावा लागतो तो रात्री गरज असते म्हणूनच. ती गरज खरी असेल तर तिची किंमत हिशेबात धरली पाहिजे. आणि गरज नसेल तर त्या माणसाला घरी जाऊ द्यावे. पाळ्यांचे वेळापत्रक महिन्याच्या आरंभी लावणे, रात्रीनंतरची सकाळ मोकळी ठेवणे आणि प्रत्येक बोलावण्याची नोंद करणे, या तीन साध्या गोष्टींनी बहुतेक तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील. कामगार बंधुभगिनींनी आपली वही आज रात्रीपासूनच सुरू करावी.